मशीनकडे वळवलेला पंखा

या अंकाच्या संपादकांच्या घरचा कॉम्प्युटर बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलाखाली बसून वायरी सोडवत होतो. वरून त्यांचा आवाज आला, "तुमच्याकडे किस्से किती असतात हो. सीपीयूत शिरलेली पाल, पूजा घातलेला मॉनिटर. तेवढेच लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं."

मी हो म्हटलं. किस्से आहेतच, थोडे सांगतोही. पण लिहायला बसलो तेव्हा प्रत्येक किस्सा डिलाईल रोडच्या एका चाळीच्या जिन्यापाशी येऊन थांबायला लागला. तेव्हा आता तेही लिहितो. त्यातली नावं मी बदलली आहेत.

मी घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भोईवाड्याजवळ एका जिन्याखाली माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक शटर आणि माझी पाठ मावेल एवढी जागा. गिऱ्हाईक मात्र गिरगावापासून दादरपर्यंत पसरलेलं. लॅपटॉप आले, मोबाईल आले, तसं काम कमी झालं, पण ज्यांना मोठी कामं असतात त्यांच्या घरी अजून तो उभा डबा असतो. लोक त्याला सीपीयू म्हणतात, आम्ही कॅबिनेट म्हणतो.

लोकांना वाटतं कॉम्प्युटर बिघडतो तो व्हायरसने नाही तर विजेच्या झटक्याने. आमच्या भागात तो सगळ्यात जास्त बिघडतो तो उकाड्याने. त्या डब्याच्या आत पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी एक चीप असते. सगळं डोकं तिच्यात. ती काम करते तेव्हा तापते, आणि जितकं जास्त काम तितकी जास्त तापते. म्हणून तिच्यावर पात्यापात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवतात आणि त्या ठोकळ्यावर छोटा पंखा. दोन्ही मिळून त्याला आम्ही कूलर म्हणतो. चीप आणि ठोकळा यांच्यामध्ये टूथपेस्टसारखी एक पेस्ट लावतात. चीपची उष्णता पेस्टमधून ठोकळ्यात जाते, ठोकळ्यातून वाऱ्यात, वाऱ्यातून खोलीत. यातलं काहीही अडलं, पेस्ट सुकली, पंख्यात धूळ बसली, ठोकळा हलला, की उष्णता आतच कोंडते. आणि खोलीतच मे महिना असेल तर बाहेर पडून ती जाणार तरी कुठे.

फारच तापला की कॉम्प्युटर आपला आपण बंद होतो. गिऱ्हाईक घाबरतं, पण ती त्याची शहाणी सोय आहे. जीव वाचवायला तो काम सोडतो.

तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. मी मात्र आधी बोट लावतो. डब्याच्या बाजूचं पत्र्याचं पान उघडायचं, ठोकळ्याच्या बुडाशी, चीपच्या कडेला बोट टेकवायचं. बोट ठेवून गप्पा मारता आल्या तर ठीक. ठेववत नसेल तर पेस्ट गेली. लागताक्षणी उचलावं लागलं तर ठोकळा नीट बसलेलाच नाही. माझा अंदाज सहसा चुकत नाही. गिऱ्हाइकासमोर आधी बोटाने सांगायचं आणि मग स्क्रीनवरचा आकडा दाखवायचा, याचा मला फार गर्व होता.

धुळीचंही तसंच. प्रत्येक घराची धूळ वेगळी असते. गिरगावात एका काकूंचं कॅबिनेट उघडलं की आतून धुपाचा वास यायचा. देव्हारा वर आणि डबा बरोबर त्याच्या खाली. पंख्यावर काळा, तेलकट थर. शिवाय काकूंनी त्याला क्रोशाचं कव्हर विणलं होतं, कडेला मोती लावून. कॉम्प्युटर चालू असतानाही ते कव्हर त्याच्या अंगावरच. मी म्हटलं, काकू, त्याला उकडतं. तर म्हणाल्या, उघडा बरा नाही दिसत हो, चारचौघांत. शेवटी आमची तडजोड झाली. चालू असताना कव्हर काढायचं आणि बंद झाल्यावर घालायचं. त्याप्रमाणे आजतागायत ते पोर कामाला जाताना कपडे काढतं.

लालबागला एका घरी मसाले करून विकतात. कॉम्प्युटर ऑर्डरी घ्यायला. मसाल्याचा मोसम आणि उकाडा एकदमच येतात. मी डबा गॅलरीत नेला आणि सवयीने ब्लोअर मारला. आत पंख्यावर मिरचीची पूड बसली होती. अर्ध्या मिनिटात अख्खा मजला शिंकायला लागला. शेजारच्या आजोबांनी नाकाला पंचा धरून मला जे सुनावलं ते अंकात छापता येणार नाही. तेव्हापासून त्या घरी जाताना मी ब्लोअर नेत नाही. ब्रश नेतो आणि तोंडाला रुमाल बांधतो.

दादरला एक निवृत्त साहेब होते. त्यांनी कॉम्प्युटरच्या मागे वाळ्याचा पडदा लावला होता आणि दर तासाला त्यावर पाणी मारायचे. हवा छान गार यायची, पण पाणी डब्यात ठिबकून सगळे स्क्रू गंजले. मी स्क्रू काढायला झटत होतो आणि त्यांच्या मिसेस दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी त्या स्वयंपाकघरात घामाघूम होतेय. मला कधी वाळा नाही लावला. या डब्याला लावला." साहेब हसले. मीही हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच काहीतरी दिसलं होतं.

आता त्या उपायाबद्दल, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

सुटा भाग मिळायचा असतो, गिऱ्हाइकाचं काम अडलेलं असतं, अशा वेळी आमच्या धंद्यात सगळेच एक गोष्ट करतात. कॅबिनेटचं बाजूचं पान काढून ठेवायचं आणि टेबल फॅन आणून त्या उघड्या बाजूकडे तोंड करून लावायचा. घरातला मोठा वारा थेट ठोकळ्यावर. दुखणं बरं होत नाही, पण मशीन चालू राहतं. मी हे शेकडो घरांत सांगितलं असेल. लोक खूश होतात. घरचाच पंखा, लगेच गुण.

दोन उन्हाळ्यांपूर्वी डिलाईल रोडहून सायलीचा फोन आला. परबांची सायली. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या कामात इमारतीचं चित्र करून ते कॉम्प्युटरकडून रंगवून घ्यायचं असतं, ऊन, सावल्या, काचा, सगळं. त्यासाठी मशीन तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतं. तिचं मध्येच बंद पडत होतं. काम जमा करायची तारीख जवळ आली होती आणि पोरीचा आवाज रडवेला.

परबांची खोली चाळीच्या वरच्या मजल्यावर. डोक्यावर पत्रा. सायलीचे वडील मस्कतला नोकरीला, आई मंगल वहिनी एका हॉस्पिटलात आया. घरात तिसरे म्हणजे आबा, सायलीचे आजोबा. मूळचे मालवणकडचे, सगळी हयात गिरणीत साच्यावर गेली. साचा म्हणजे माग. खोलीच्या आतल्या बाजूला पोटमाळ्याखाली त्यांची खाट होती. मधल्या छताच्या पंख्याचा वारा तिथपर्यंत पोचायचा नाही, म्हणून खाटेशेजारी स्टुलावर त्यांचा टेबल फॅन. निळ्या पात्यांचा, जुना, जाळी एका बाजूला तारेने बांधलेली.

मी पान उघडलं आणि बोट लावलं. लागताक्षणी उचललं. ठोकळा बसवायच्या प्लास्टिकच्या खिट्या असतात, त्यातली एक तुटली होती. ठोकळा तिरका झालेला. नवा कूलरच बसवावा लागणार होता आणि माझ्याकडे त्या मापाचा नव्हता. मी सायलीला म्हटलं, लॅमिंग्टन रोडवरून दोन दिवसांत आणतो.

"दोन दिवस बंद ठेवू? काका, नाही जमणार."

मी खोलीत नजर फिरवली. माझी नजर फिरते ती प्लग कुठे आहे आणि पंखा कुठे आहे हे बघत. पंखा आबांच्या उशाशी होता. मी म्हटलं, तोवर हा पंखा इकडे लावला तर चालेल.

सायली म्हणाली, "तो आबांचा आहे."

आबा तोवर उठून बसले होते. त्यांनीच पंख्याचा प्लग काढला. स्टूल उचलायला मी पुढे झालो तर मला हाताने मागे सारलं आणि ते स्वतः घेऊन आले. म्हणाले, "मशीन बंद पडाक नको, झिला. माका काय एक होवचा नाय."

मग मी ठोकळा दाबून तात्पुरता बांधत असताना ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि गिरणीतलं सांगायला लागले. साचेखात्यात खिडक्या उघडायची सोय नव्हती. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून वरून पाण्याचा फवारा सोडायचे, खिडक्या बंद. आत वाफाळलेलं. माणसं उघड्या अंगाने काम करायची आणि घामाने धोतर पिळून काढायची. कुणी एकदा खिडकी उघडली तर जॉबरने, म्हणजे मुकादमाने, सगळ्यांसमोर त्याची लाज काढली होती.

"सुताक ओल लागता," आबा म्हणाले, "माणसाक काय लागता?"

ते यात तक्रार करत नव्हते. आपण त्या गरमीत टिकलो, याचा त्यांना अभिमान होता. मशीन आधी आणि माणूस नंतर, हे त्यांना कुणी समजावून सांगायला लागत नव्हतं, कारण त्यांचं घर त्यावरच चाललं होतं. आणि मला ते इतकं सोयीचं वाटलं की मी हसून म्हटलं, बघ सायली, आबांना मशीन कळतं.

पंखा लावला. स्क्रीनवर आकडा हळूहळू खाली आला. आम्ही तिघंही त्या आकड्याकडे बघत होतो. सायलीने आजोबांना टाळी दिली.

नवा पंखा आणा, असं कुणी म्हटलं नाही, कारण दोन दिवसांचा तर प्रश्न होता. तसं मीच सांगितलं होतं.

कूलर मी खरंच दोन दिवसांत आणला. दुकानात आणून ठेवला. मग दुसरी कामं आली. उन्हाळ्यात आमची तारांबळ असते. ज्याचं मशीन बंद आहे त्याच्याकडे आधी जायचं, ज्याचं चालू आहे तो थांबू शकतो, हा आमचा हिशोब. सायलीचा एकदा फोन आला, काका, कधी येताय? मी विचारलं, चालतंय ना? म्हणाली, हो, चालतंय. मग येतो गं, म्हटलं. असा एक आठवडा गेला, त्यावर आणखी काही दिवस गेले. खरं सांगायचं तर ते जिने आणि वरचा पत्रा आठवला की मी दुसरीकडचं काम आधी धरत होतो.

शेवटी एके दिवशी दुपारी त्याच बाजूला दुसरं काम होतं, म्हणून कूलर पिशवीत टाकून निघालो. चाळीत शिरलो तर आबा खाली जिन्याखालच्या सावलीत बसलेले. डोक्यावर ओला करून घेतलेला टॉवेल होता, पण तोही आता सुकला होता. दुपारचे ते तिथे येऊन बसत असत, कारण वर त्यांच्या खाटेवर बसवत नव्हतं. हे मला त्यांनी सांगितलं नाही. ते मला तिथे बसलेले दिसले, त्यावरून कळायला हवं होतं.

मला बघून हसले. उठायला लागले, म्हणून मी हात दिला. त्यांनी तो धरला आणि धरूनच बोलले. "वर कित्याक जातंस? पोरगी कामात आसा. मशीन झकास चललाहा. काम झाला की ये."

त्यात तथ्य होतं. कूलर बदलायचा तर मशीन बंद करावं लागतं, चालू असलेलं काम वाया जातं. मी म्हटलं, बरं, परवा येतो. आणि वर न चढता परत फिरलो. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहितो.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. त्यांचा हात तापलेला होता. उन्हात बसलेल्या माणसाचा असतो तसा नव्हे. ते सावलीत होते. कोरडा होता. त्या उकाड्यात माझ्या हाताला चिकचिक घाम होता आणि त्यांच्या हाताला थेंब नव्हता. शब्दही थोडे अडखळत होते. ज्या बोटांनी मी आयुष्यभर गरम काय आणि किती ते ओळखत आलो, त्याच बोटांना ते लागलं. मला कळलं नाही असं नाही. कळलं. रस्ता ओलांडेपर्यंत मनात होतं. मग समोर उसाचा रस दिसला, तो प्यायलो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी सायलीचा फोन आला. म्हणाली, "काका, आता घाई नाही. आबा गेले."

डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. वय झालं होतं, हृदयाची गोळी चालू होती. त्यामुळे कुणी कुणाला काही विचारलं नाही. सायलीचं चित्र त्याच दिवशी पूर्ण झालं होतं. मंगल वहिनींनीच तिला उठवून कॉलेजात ते जमा करायला पाठवलं.

तेराव्याच्या नंतर मी गेलो. भेटायला म्हणून गेलो, पण पिशवीत कूलर होता. नुसतं बसून काय बोलायचं ते मला सुचत नाही. हातात पाना असला की बरं वाटतं. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. पंखा होता तिथेच होता, बंद, मशीनकडे तोंड करून. वहिनींनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे तिचं वर्ष वाचलं, भाऊ." मी खाली बघितलं आणि कॅबिनेट उघडलं.

गावाहून आलेली एक आत्या भिंतीला टेकून बसली होती. आबांची बहीण. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "म्हाताऱ्याचो पंखो काढून मशीनाक लावलो. मगे काय होतला?"

सायली ओट्यापाशी कपबशा विसळत होती. तिचे हात थांबले. नळ चालूच राहिला.

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. पंखा तिने नाही लावला, मी लावायला सांगितलं. आणि दोन दिवसांचं काम मी लांबवलं. एवढंच. आत्या माझ्यावर ओरडली असती, वहिनींनी कदाचित मला पुन्हा बोलावलं नसतं, आणि ते प्रकरण तिथे संपलं असतं. मी काय केलं तर चार स्क्रू होते ते आवळले. पाठ त्यांच्याकडे होती. चारही आवळून झाले तरी पुन्हा पहिल्यापासून आवळत बसलो. काही वेळाने सायलीने नळ बंद केला.

कूलर बसवायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. मशीन चालू केलं आणि चीपच्या कडेला बोट लावलं. गार.

पान लावून टाकलं. आता पंख्याची गरज नव्हती. तो उचलून कुठे ठेवावा हे मला कळेना. शेवटी खाटेपाशी त्याच्या जुन्या जागी नेऊन ठेवला.

त्यानंतर मी त्या चाळीत गेलो नाही. बोलावणंही आलं नाही. सायली पास झाली, वरळीला एका ऑफिसात लागली, असं बाहेरून कळलं. मी धंद्यात एक बदल केला. टेबल फॅनचा उपाय सांगणं बंद केलं. गिऱ्हाइकाने स्वतःहून विचारलं तरी सांगतो, मशीन बंद ठेवा, मी आजच येतो. आणि जातो. यामुळे माझ्या मनाला बरं वाटेल, असं वाटलं होतं.

या मे महिन्यात मंगल वहिनी दुकानात आल्या. सोबत टॅक्सीवाल्याने आणून ठेवलेलं कॅबिनेट. बसायला जागा नव्हती, मी माझं स्टूल त्यांना दिलं. त्या म्हणाल्या, "हे कुणाला तरी देऊन टाका, भाऊ. सायली म्हणते, घरात नको."

मी पान उघडलं. कूलर मी बसवला होता तसाच होता. घरात दोन वर्षं चाललेल्या मशीनच्या पंख्यावर त्या घराची धूळ बसलेली असते, काजळी, सूत, केस, काहीतरी. याच्या पात्यांवर काहीच नव्हतं. त्या दिवसानंतर ते एकदाही चालू झालं नव्हतं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं असावं, कारण त्या आपणहून बोलल्या. सायली घरात स्वतःसाठी पंखा लावत नाही. वरचाही नाही. दोन उन्हाळे. आईच्या अंगावर वारा यावा म्हणून तेवढ्यापुरता वरचा लावते आणि स्वतः आबांच्या खाटेवर जाऊन बसते, जिथे तो पोचत नाही. ऑफिसातून येते, तिथे एसी असतो, म्हणते, दिवसभर गारव्यात असते ना मी, मग पुरे. रात्री घामाने गादी भिजते. अंगावर घामोळं उठतं. वहिनींचं रागावून झालं, रडून झालं, एकदा डॉक्टरांकडेही नेऊन झालं.

"मी तिला म्हटलं," वहिनी म्हणाल्या, "अगं, आबांनी आपल्या हाताने दिला होता. तर म्हणते, मी नको म्हणायला हवं होतं."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तिथल्या तिथे वहिनींना सगळं सांगितलं. मीच लावायला सांगितला होता ते त्यांना माहीत होतं, पण कूलर दुकानात पडून होता हे नव्हतं. जिन्यापाशी आबा भेटल्याचं माहीत नव्हतं. हाताचं तर नव्हतंच. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाचंतरी मशीन उघडं होतं, त्यातला पंखा फिरत होता, त्याच्याकडे बघत होतो.

वहिनी म्हणाल्या, "हे मला नका सांगू. तिला सांगा."

रविवारी गेलो. सायली खाटेवर बसली होती. मोठी दिसत होती, वाळलीही होती. मी खुर्चीवर बसलो नाही, खाली सतरंजीवर बसलो, आणि जसं वर लिहिलंय तसंच सांगितलं. काही गाळलं नाही. उसाचा रसही सांगितला. मला मनातून वाटत होतं, ती रडेल, मग मी म्हणेन, बाळा, तुझी काही चूक नव्हती, आणि तिला हलकं वाटेल. आणि मलाही.

ती रडली नाही. म्हणाली, "तुम्ही खालून मला एक हाक मारली असतीत तर मी आले असते."

मी हो म्हटलं.

"मी वरच होते. कानात हेडफोन होते, पण फोन समोर होता. एक मिस्ड कॉल दिला असता तरी मी धावत आले असते. हॉस्पिटल जवळ आहे. आई तिथेच होती."

मी पुन्हा हो म्हटलं.

"आणि आत्या बोलली तेव्हा तुम्ही स्क्रू लावत होतात," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी बोलाल. मी वाट बघत होते."

म्हणजे नळ तिने म्हणूनच बंद केला होता. माझा आवाज ऐकू यावा म्हणून.

मग ती म्हणाली, "तुम्ही जा आता, काका." आवाज चढवला नाही. मी उठलो. दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांनीही थांबवलं नाही. जिना उतरताना जिन्याखालची ती जागा बघायची नाही असं ठरवलं होतं. बघितली. तिथे कुणीतरी सायकल लावून ठेवली होती.

हे मी लिहून काढलं आणि छापायला देण्याआधी वहिनींना फोन केला. विचारलं, देऊ का? म्हणाल्या, नावं बदला आणि द्या, सायलीला मी विचारलंय, ती म्हणाली, लिहू देत. मी विचारायचं नाही ठरवलं होतं तरी विचारलं, ती कशी आहे.

वहिनी म्हणाल्या, "तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही म्हणते."

मी म्हटलं, बरोबर आहे.

"पण परवा तिने तो निळा पंखा माळ्यावरून काढला," वहिनी म्हणाल्या. "पाती पुसली, तार नव्याने बांधली. काल लावून झोपली."